होडीच्या इंजिनाला कोणते ऑईल घालावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून लागू होते आणि त्याआधीच्या पंधरवड्यात किनाऱ्यावर बोटी शाकारण्याची (किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवण्याची) लगबग असते. इंजिन ऑईलविषयीची पत्रेही याच सुमारास अधिक येतात. त्यांपैकी इतरांच्याही उपयोगी पडतील असे प्रश्न येथे घेतले असून जागेअभावी त्यांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : माझ्या ट्रॉलरवर ट्रकचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मरीन करून बसवलेले आहे. आजवर १५डब्ल्यू-४० ऑईल घालत आलो. बंदरावरचे जुने मालक सांगतात की समुद्रात इंजिन जास्त तापते, तेव्हा २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल घाला, प्रेशर चांगले राहते. त्यांचे ऐकावे का? – एक ट्रॉलरमालक, मिरकरवाडा, रत्नागिरी

उत्तर : आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलेले असेल, आणि या जातीच्या बहुतेक इंजिनांच्या पुस्तिकेत तेच असते, तर ते बदलण्याचे काहीही कारण नाही. जुन्या मालकांचा सल्ला उगाच आलेला नाही, मात्र तो ज्या इंजिनांवरून आणि ज्या डिझेलवरून आला ती दोन्ही आता बदललेली आहेत.

प्रथम जाडीचा मुद्दा घेऊ. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाच्या वागणुकीचा असतो आणि तो उणे २० अंश सेल्सिअसच्या चाचणीवरून ठरतो, त्यामुळे कोकणात त्याची फारशी फिकीर करण्याची गरज नाही. आपल्या कामाचा तो दुसरा आकडा. ४० क्रमांकाचे ऑईल १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे माप) एवढे दाट असते आणि ५० क्रमांकाचे १६.३ ते २१.९. आता प्रश्न असा की समुद्रावर इंजिनातले ऑईल खरोखर अधिक तापते का? ज्या इंजिनात गोडे पाणी किंवा कूलंट आत फिरते आणि समुद्राचे पाणी हीट एक्स्चेंजरमधून जाऊन त्याला थंड करते, त्याचे तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. हीट एक्स्चेंजर स्वच्छ असला आणि पाण्याचा पंप धड असला, तर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असूनही इंजिनाला त्याचा त्रास होत नाही. ज्या इंजिनांत समुद्राचेच पाणी थेट ब्लॉकमधून फिरवतात, तिथे तर उलटा प्रकार असतो. खारे पाणी फार तापले तर आतल्या वाटांमध्ये क्षाराचे थर बसतात, म्हणून अशी इंजिने मुद्दाम ६० अंशांच्या आसपास ठेवलेली असतात. तेवढ्या उष्णतेत ऑईलमध्ये शिरलेला ओलावा आणि न जळलेले डिझेल उडून जात नाही आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) तळाशी काळा चिखल साचू लागतो. अशा इंजिनात जाड ऑईल घालणे म्हणजे रोग एक आणि औषध भलतेच.

प्रेशरविषयीही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गेजवर दिसणारा दाब म्हणजे बेअरिंगपर्यंत पोहोचणारे ऑईल नव्हे. ऑईल जाड केले की वाहण्याला होणारा विरोध वाढतो आणि काटा वर जातो, हे खरे. पण दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेल्या ऑईलचा काही भाग बेअरिंगला न जाता परत चेंबरमध्ये पडतो. पहाटे थंड इंजिन सुरू करताना हे विशेष घडते, आणि टर्बो असेल तर सर्वांत आधी उपासमार होते ती त्याच्या बेअरिंगची. आपल्या इंजिनाचे प्रेशर १५डब्ल्यू-४० वर पूर्वीपेक्षा खरोखर उतरले असेल, तर आधी दुसऱ्या गेजने खात्री करून घ्यावी, मग ऑईलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झाले आहे का ते पाहावे, आणि ते नसेल तर बेअरिंग उघडावीत. जाड ऑईलने हंगामाचा शेवटचा महिना निभावून नेता येतो, एवढे मी मान्य करतो; पण ते निभावून नेणेच असते.

जाडीपेक्षा महत्त्वाचा, आणि बंदरावर फारसा न बोलला जाणारा, मुद्दा ऑईलच्या दर्जाचा आहे. डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या अक्षरांपुढे सीएच-४, सीआय-४ किंवा सीके-४ असे काही छापलेले असते. यातले सी हे अक्षर डिझेल इंजिनांचे, आणि पुढचे अक्षर जितके नंतरचे तितका दर्जा अलीकडचा. सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीचा. आपल्या इंजिनासाठी पुस्तिकेत सीएच-४ सांगितले असेल तर सीआय-४ चालते, त्याहून खालचे सीएफ-४ मात्र केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

जुन्या लोकांच्या सल्ल्याचे मूळ बऱ्याच अंशी गंधकात होते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे, ते जळून तयार होणारा वायू ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होई आणि ते आम्ल मारण्यासाठी ऑईलमध्ये क्षारी द्रव्यांचा भरपूर साठा लागे. बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज हे प्रदूषणाचे मानक) डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ही मर्यादा फक्त १० आहे. मच्छीमार संस्थेच्या पंपावर असे डिझेल भरणाऱ्या बोटीला आज सीके-४ ऑईल निर्धास्तपणे चालते. ज्यांच्या डिझेलच्या उगमाची खात्री नाही, त्यांनी सीआय-४ प्लस वापरावे, कारण त्यात आम्लाला तोंड देण्याची ताकद सहसा अधिक असते.

राहिला कामाचा प्रश्न. ट्रक घाट चढतो तसा उतरतोही आणि उतारावर त्याच्या इंजिनाला विसावा मिळतो, बोटीला मात्र सतत घाटच चढायचा असतो. त्यातून मागे जाळे ओढत असेल तर विचारायलाच नको. म्हणून किलोमीटरचा हिशेब येथे निरुपयोगी आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर ट्रकचे १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. चार दिवसांच्या फेरीत रोज सुमारे २० तास इंजिन चालले तर एका फेरीचे ८० तास होतात आणि तीन फेऱ्यांत ऑईल बदलण्याची वेळ येते. बोटीवर तासांचे मीटर बसवून घ्यावे. महाग ऑईल घालून ते सहा फेऱ्या चालवण्यापेक्षा साधे पण योग्य दर्जाचे ऑईल फिल्टरसह वेळेवर बदलणे केव्हाही श्रेयस्कर.

प्रश्न : पर्यटकांना फिरवण्यासाठी माझ्याकडे फायबरची होडी असून तिला टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) आहे. दुकानदार म्हणतो, मोटरसायकलचे टू-टी (टू-स्ट्रोक) ऑईल आणि आउटबोर्डचे ऑईल सारखेच, फक्त भाव वेगळा. हे खरे आहे का? – मालवण

उत्तर : खरे नाही. मोटरसायकलचे टू-स्ट्रोक इंजिन हवेने थंड होते आणि फार गरम चालते. त्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून त्याच्या ऑईलमध्ये धातुयुक्त द्रव्ये घालतात आणि ती जळल्यावर थोडी राख उरते. आउटबोर्ड मशीन समुद्राच्या पाण्याने थंड होते, तुलनेने कमी तापमानावर चालते, पण तासन् तास मोठ्या थ्रॉटलवर राहते. तिथे ही राख प्लगच्या टोकावर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचते, कालांतराने रिंगा चिकटतात आणि भर समुद्रात मशीन अवेळी झटके देऊ लागते. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनसाठी राख न उरणारे वेगळे ऑईल असते आणि त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले असते. अमेरिकेतील बोट उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला हा दर्जा जगभर चालतो. ही अक्षरे नसतील तर डब्यावर होडीचे चित्र असले तरी तो डबा घेऊ नये.

प्रमाणाविषयी आपण विचारलेले नाही, पण खरी गफलत तेथेच होते. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर आणि २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर ऑईल लागते. “थोडे जास्त घातलेले बरे” हा समज चुकीचा आहे, कारण जास्त ऑईलने धूर आणि काजळी तर वाढतेच, शिवाय तेवढ्या प्रमाणात पेट्रोल कमी होऊन मिश्रण हलके होते आणि इंजिन गरम चालते. नव्या मशीनला सुरुवातीचे काही तास दुप्पट ऑईल सांगितलेले असते, तेवढा काळ मात्र ते काटेकोर पाळावे. स्वतंत्र ऑईल टाकी असलेल्या मशीनमध्ये मिसळण्याचा प्रश्न नाही. तिथे रोज सकाळी ती टाकी भरलेली आहे ना, एवढे पाहायचे.

मिसळलेले पेट्रोल साठवून ठेवू नये, याचे कारण आता पूर्वीपेक्षा गंभीर झाले आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, सैल झाकणाच्या टाकीत किंवा होडीत उसळलेल्या पाण्यामुळे पाण्याचे प्रमाण एका हद्दीबाहेर गेले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. ऑईल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीची नळी तळातून ओढते, तेव्हा मशीनला ऑईल नसलेला थर मिळतो आणि पिस्टन जाम होतो. ऑईल नीट मोजून घातले होते, असे मालक शपथेवर सांगतो आणि ते खरेही असते. तेव्हा त्या दिवसापुरतेच पेट्रोल मिसळावे, आणि टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून पाहण्याची सवय ठेवावी. तळाशी वेगळी रेघ दिसली तर ती टाकी पूर्ण रिकामी करावी.

प्रश्न : आमची फोर-स्ट्रोक आउटबोर्डची बोट कोयनेच्या जलाशयात चालते. पाणी गोडे असल्याने कारचे चांगले सिंथेटिक ऑईल घालण्यास हरकत नसावी, असे वाटते. – तापोळा

उत्तर : गोड्या पाण्यामुळे आपले निम्मे काम सोपे झाले, हे निश्चित. परंतु फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी एफसी-डब्ल्यू नावाचा जो दर्जा आहे, त्यात केवळ खाऱ्या पाण्याच्या गंजाचा विचार नसून इंजिन सतत वेगाने फिरत असताना ऑईल पातळ न होणे, फेस न धरणे आणि ओलाव्याने फिल्टर न तुंबणे याही कसोट्या असतात. कारचे इंजिन महामार्गावर मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्या करते, आउटबोर्ड पाच ते सहा हजारांवर तासभर राहते. त्यातून नव्या कारसाठी मिळणारे ०डब्ल्यू-२० सारखे ऑईल इंधन वाचवण्यासाठी पातळ केलेले असते. ते येथे अजिबात नको. पुस्तिकेत बहुधा १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० सांगितलेले असेल, ते एफसी-डब्ल्यू दर्जाचे घ्यावे. ते न मिळाल्यास पुस्तिकेने मान्य केलेला एपीआयचा पेट्रोल इंजिनाचा दर्जा आणि तीच जाडी पाहून घेतलेले ऑईल अडचणीपुरते चालेल. मोटरसायकलच्या ऑईलचे वैशिष्ट्य त्यातल्या ओल्या क्लचसाठी असते, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

पर्यटकांना घेऊन दिवसभर संथ गतीने फिरणाऱ्या बोटीत आणखी एक गोष्ट होते. इंजिन पुरेसे गरम होत नाही, न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरते आणि ऑईल मोजण्याच्या काडीवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑईल खात नाही म्हणून मालक खूश असतो! काडी नाकाशी धरून पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे, येत असेल तर तास पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑईल बदलावे आणि रोज काही वेळ तरी मशीन मोकळ्या पाण्यात वेगाने चालवावे. एरवी पहिला बदल सुमारे २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावा.

प्रश्न : काडीवर ऑईल चहासारखे दुधाळ दिसते. मिस्त्री म्हणतो, चांगल्या कंपनीचे ऑईल घाला म्हणजे होणार नाही. कोणती कंपनी? – हर्णै, दापोली

उत्तर : कोणतीही नाही. ऑईलमध्ये पाणी शिरले आहे आणि ते कोठून शिरते हे सापडेपर्यंत बोट समुद्रात नेऊ नये. केवळ ऑईल ओतण्याच्या झाकणाखाली पांढरट साय असेल आणि काडीवरचे ऑईल स्वच्छ असेल, तर तो हवेतला ओलावा आहे. इंजिन नीट गरम करून चालवल्यावर तो जातो. काडीच दुधाळ असेल तर प्रकरण वेगळे. थोडे ऑईल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी उतरलेल्या पाण्याला कूलंटचा हिरवा किंवा लाल रंग असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या रबरी रिंगा तपासाव्यात. पाणी बिनरंगी असेल तर समुद्राच्या पाण्यावर चालणारा ऑईल कूलर, पाण्याच्या पंपाचे सील आणि एक्झॉस्टमधून मागे येणारे पाणी यांच्याकडे संशयाने पाहावे. काही मिस्त्री खारट आहे का हे पाहण्यासाठी जिभेला लावतात. कूलंटमध्ये विषारी ग्लायकॉल असते, म्हणून असे करू नये.

गळती दुरुस्त झाल्यावर स्वस्त पण योग्य जाडीचे ऑईल आणि नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, ऑईल काढावे, आणि काढलेले ऑईल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. खारे पाणी शिरलेल्या इंजिनात हा उद्योग दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. बेअरिंगच्या चकचकीत पृष्ठभागावर गंज धरायला एक रात्र पुरेशी असते.

प्रश्न : नवे ऑईल दोन दिवसांत काळे होते. ते बनावट असेल का? – वेंगुर्ला

उत्तर : डिझेल इंजिनात चांगले ऑईलच लवकर काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. बनावट मालाचा धोका मात्र आहेच. सुटे ऑईल घेऊ नये, सील आणि बॅच क्रमांक पाहावा, पक्के बिल घ्यावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, कारण त्याच डब्यात पुन्हा माल भरला जातो. सर्व्हो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ यांपैकी कोणत्याही नावाखाली योग्य दर्जाचे आणि जाडीचे ऑईल मिळते. निवड करताना आधी दर्जा, मग जाडी आणि शेवटी नाव पाहावे. बाटलीतून मिळणारी जादूची द्रव्ये वरून घालण्याची गरज नाही.

प्रश्न : आउटबोर्डच्या खालच्या गिअरमध्ये इंजिन ऑईल घातले तर? – उजनी, भिगवण

उत्तर : नको. तिथे पुस्तिकेतले मरीन गिअर ऑईलच हवे, बहुधा ते ८०डब्ल्यू-९० किंवा ९० क्रमांकाचे असते. पंखा वर्षातून दोनदा तरी काढून पाहावा. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) शाफ्टला गुंडाळला जाऊन पंख्यामागे सरकतो आणि सील कापतो. बाहेरून काही दिसत नाही आणि गिअरमध्ये पाणी जात राहते. खालचा स्क्रू सैल केल्यावर ऑईलआधी पाणी निघाले किंवा ऑईल दुधाळ निघाले, तर सील बदलल्याशिवाय नवे ऑईल भरू नये. दोन्ही स्क्रूंच्या वॉशर दर वेळी नव्या घालाव्यात. गिअर भरताना ऑईल खालच्या भोकातून वर चढवावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

प्रश्न : बोट १ जून ते ३१ जुलै शाकारलेली असणार. ऑईल आता बदलू की ऑगस्टमध्ये? आता बदलले तर दोन महिने फुकट पडून राहील. – सातपाटी, पालघर

उत्तर : आताच बदलावे. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल, ओलावा आणि काजळी असते आणि दोन महिने ते बेअरिंगला लागून राहिले तर नुकसान चालत्या हंगामापेक्षा अधिक होते. बोट ओढण्यापूर्वी इंजिन गरम करून ऑईल काढावे, फिल्टर बदलावा, नवे ऑईल भरून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे म्हणजे ते सर्वत्र पोहोचते. बंद डब्यातले ऑईल जसे दोन महिन्यांत बिघडत नाही, तसेच न चाललेल्या इंजिनातलेही फारसे बिघडत नाही. तेच ऑईल हंगामाच्या सुरुवातीला वापरता येते. बदलल्याची तारीख आणि तासांचा आकडा केबिनमध्ये लिहून ठेवावा.

काढलेले ऑईल खाडीत ओतू नये, तसेच लाकडी होडीच्या फळ्यांनाही लावू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल हा घातक कचरा ठरतो, तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचा असतो. गावातल्या मच्छीमार संस्थेने एक बॅरल ठेवून ते एकत्र गोळा केले तर विकणेही सोपे जाते.

एक्झॉस्टचे तोंड पावसापासून नीट झाकावे. ऑगस्टमध्ये स्टार्टरला हात लावण्याआधी काडी काढावी. पातळी जूनपेक्षा वर आलेली दिसली तर पावसाचे पाणी आत उतरलेले आहे असे समजावे. अशा वेळी इंजेक्टर काढून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे आणि ऑईल पुन्हा बदलावे. पाणी न काढता स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.